शुक्रवारपर्यंत थांब

ताई,

मी 25 वर्षांचा. गाव इचलकरंजी, नोकरी पुण्यात, दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. कॉलेजपासून ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघतोय. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असा नवा सीझन सुरू झाला की यादी काढतो, प्रत्येक मालिकेचे पहिले दोन-तीन भाग बघतो आणि तिच्याबद्दल मराठीत चार-पाच ओळी लिहून मित्रांना पाठवतो. ते पुढे पाठवतात. वाचणारे तीस-चाळीस जण असतील. या 2024 च्या जानेवारीत 17 मालिका धरल्या. ऑफिसच्या बसमध्ये दीडपट वेगाने बघतो, नाहीतर उरकत नाहीत. हल्ली बघताना काही वाटत नाही, पुढची लावायची घाई असते.

ऑक्टोबरमध्ये ‘फ्रीरेन’ या नव्या मालिकेबद्दल मी लिहिलं होतं, ‘संथ. काही घडत नाही. झोप येत नसेल त्यांनी बघावी.’ माझी धाकटी बहीण अकरावीत आहे, गावी आईबाबांजवळ असते. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आम्ही दोघं डोरेमॉन बघायचो. पुढे ॲनिमेची गोडी तिला मीच लावली. माझं ते लिहिलेलं वाचल्यापासून ती माझ्याशी या विषयावर बोलेनाशी झाली. मला वाटलं, अभ्यास असेल. संक्रांतीला घरी गेलो तेव्हा कळलं की ती दर शुक्रवारी ‘फ्रीरेन’ बघते आणि वहीत काहीतरी लिहून ठेवते. मी ‘दाखव’ म्हटलं तर म्हणाली, ‘राहू दे दादा, तुला झोप येईल.’

पुण्याला आल्यावर एका रात्रीत मी तोवर आलेले 18 भाग बघून काढले. मालिका चांगली आहे हे कळतं. पण तिला जे वाटतं ते मला वाटलं नाही. मी चुकलो का? चालू मालिकांवर लिहिणं बंद करू का? आणि तिच्याशी कसं बोलू?

– एक दादा, पुणे

मित्रा, (फेब्रुवारी 2024)

तुझ्या बहिणीच्या त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ऑक्टोबरात तू लिहिलेली ओळ तिला जानेवारीतही पाठ होती. तू ती बहुधा बसच्या दोन थांब्यांमध्ये लिहिली असशील.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, चुकलास. पण ‘फ्रीरेन’ संथ वाटली ही तुझी चूक नव्हे. ती संथ आहेच, आणि संथपणा एखाद्याला आवडत नाही, त्यात काही गैर नाही. तू चुकलास ते दोन ठिकाणी. दोन-तीन भाग बघून, तेही पळवत, तू अख्ख्या मालिकेचा निकाल लावलास. आणि तुझं शेवटचं वाक्य मालिकेबद्दल नव्हतंच. ते मालिका आवडणाऱ्या माणसांबद्दल होतं, आणि त्यातलं एक माणूस तुझ्याच घरात राहतं.

‘काही घडत नाही’ म्हणतोस, तर पहिला भाग माझ्याबरोबर पुन्हा आठव. राक्षसांच्या राजाला मारून चौघं राजधानीत परत येतात. बाकीच्या मालिका जिथे संपतात तिथे ही सुरू होते. वीर हिमेल, धर्मगुरू हाइटर, बुटक्या ड्वार्फ जमातीतला योद्धा आयझेन आणि दीर्घायुषी एल्फ जमातीतली जादूगार फ्रीरेन यांचा दहा वर्षांचा प्रवास संपलाय. रात्री उल्कावर्षाव होतो. पुढचा 50 वर्षांनी, तेव्हा भेटू, असं म्हणून फ्रीरेन निघून जाते. तिचं आयुष्य हजारो वर्षांचं, 50 वर्षं म्हणजे तिला काल-परवाची गोष्ट. परत येते तेव्हा हिमेलच्या डोक्यावर केस उरलेले नसतात, पांढरी दाढी आलेली असते. चौघं मिळून उल्का बघतात आणि पुढे तो जातो. त्याच्या अंत्यविधीला तिला रडू फुटतं, कारण दहा वर्षं बरोबर काढूनही आपण या माणसाला जाणून घेण्याचा प्रयत्नच केला नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात येतं.

एवढं सगळं 24 मिनिटांत घडतं. ते ओरडून सांगितलेलं नाही, म्हणून बसमध्ये निसटतं.

आपल्याकडे या भावनेला फार नेमका शब्द आहे: चुटपुट. कुणाला तरी भेटायचं राहून गेलं, एखादा प्रश्न विचारायचा राहून गेला, आणि आता ते माणूसच नाही. दुःख ओसरतं, चुटपुट कुठेतरी अडकून राहते. पुढचे सगळे भाग फ्रीरेन त्या चुटपुटीपायी चालत असते. हिमेलच्या गावाकडचं एक निळं फूल शोधण्यात ती सहा महिने घालवते, आणि बरोबरच्या फर्नला, हाइटरच्या मुलीला, कळत नाही की बाई एवढी का थांबली आहे. (फर्न अनाथ आहे, हाइटरने सांभाळलेली, तिला मुलगी म्हणायला माझी काही हरकत नाही.) सहा महिने शोधलेलं फूल सापडतं तेव्हा पडद्यावर काही क्षण कुणी बोलत नाही, नुसतं इव्हान कॉल यांचं संगीत असतं. ते क्षण दीडपट वेगाने गेले तर हाती काय लागणार? ‘संथ’ हेच लागणार.

तुझ्या चार ओळींत ‘चुटपुट’ एवढा एक शब्द आला असता, तर ‘मला कंटाळा आला’ हे पुढे लिहूनही बहीण रुसली नसती. दादाने बघितलं, आपल्याला दिसलं ते त्यालाही दिसलं, फक्त त्याला आवडलं नाही, एवढं तिला कळलं असतं.

‘तीन भाग बघून ठरवावं’ हा नियम तू पाळतोस. हा नियम ॲनिमेच्या चाहत्यांत रुजला तो मुख्यतः 2011 साली आलेल्या ‘मादोका मागिका’मुळे. तिच्या तिसऱ्या भागात गोष्ट अशी उलटली की पहिले दोन बघून सोडून देणाऱ्यांना हळहळ वाटली. म्हणजे नियमाचा मूळ हेतू होता ‘लवकर सोडू नका’. तू आणि तुझ्यासारखे बरेच जण तो उलटा वापरता: तीन झाले, आता निकाल द्यायला मोकळे.

‘फ्रीरेन’ करणाऱ्यांना तर पहिल्या भागावर भागणार नाही हे ठाऊक होतं. 29 सप्टेंबर 2023 ला निप्पॉन टीव्हीने शुक्रवार रात्रीच्या चित्रपटाच्या वेळेत पहिले चार भाग सलग दाखवले, दोन तासांचा एक कार्यक्रम म्हणून. ती वेळ वर्षानुवर्षं चित्रपटांची. नव्या मालिकेला ती मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. ‘अपॉथेकरी डायरीज’ या दुसऱ्या मालिकेचेही पहिले तीन भाग ऑक्टोबरात एकाच रात्री आले. जरा बसा, एका घोटात चव कळणार नाही, असं बनवणारेच सांगत होते.

आता तुला सगळ्यात जास्त सलणाऱ्या गोष्टीकडे येते. एका रात्रीत 18 भाग बघूनही तुला तिच्यासारखं वाटलं नाही. वाटणारच नव्हतं. तिने तेच 18 भाग साडेतीन महिने बघितले आहेत. दोन शुक्रवारांच्या मध्ये तिची चाचणी परीक्षा झाली असेल, दिवाळी गेली, मैत्रिणीशी अबोला झाला असेल, नवं वर्ष लागलं. या सगळ्यात ती मालिका तिच्या डोक्यात चालू होती. वहीत तेच उतरलं असणार.

मी मिरजेची. 1993 साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. ती मालिका जपानची, निप्पॉन ॲनिमेशनने 1989 साली केलेली, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. आमच्याकडे टीव्ही नव्हता. मी आणि माझा भाऊ मागच्या आळीतल्या काकूंकडे जाऊन बसायचो. वीज गेली की तो भाग गेला, पुन्हा मिळायचा नाही. मग सोमवारी शाळेत ज्याच्या घरी वीज होती त्याच्याभोवती आम्ही गोळा व्हायचो आणि तो सांगेल ती गोष्ट खरी मानायचो. शेरखानचं पुढे काय होणार यावर सहा दिवस वाद. मला आज त्या मालिकेतले प्रसंग फारसे आठवत नाहीत. वाद मात्र आठवतात, भाऊ कुठल्या बाजूने बोलायचा तेही आठवतं.

जपानी मालिका या आठवड्याच्या लयीवरच बेतलेल्या असतात. तिकडे वर्षाचे चार तुकडे करतात, एका तुकड्याला ‘कूर’ म्हणतात, साधारण 12-13 आठवड्यांचा. बहुतेक मालिका रात्री उशिरा लागतात. वेळापत्रकात रात्रीचा दीड हा ‘25:30’ असा छापतात, कारण बघणाऱ्याच्या दृष्टीने अजून आदलाच दिवस चालू असतो. मला ते फार आवडतं. झोपायच्या आधीचा शेवटचा अर्धा तास कुणीतरी तुमच्यासाठी राखून ठेवलेला.

आणि हे वाट बघणं कधी कधी गोष्टीतच मिसळून जातं. 2009 च्या उन्हाळ्यात ‘हारुही सुझुमिया’त एकच गोष्ट आठ आठवडे दाखवली. पात्रं उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत अडकली आहेत, तेच दिवस 15,000 हून जास्त वेळा जगताहेत. क्योतो ॲनिमेशनने आठही भाग नव्याने काढले, कपडे वेगळे, कॅमेरा वेगळा, गोष्ट तीच. लोक संतापले होते. मीही ते भाग बघितले, पण खूप नंतर, एका बैठकीत, मधले चक्क पुढे ढकलत. आठ आठवडे प्रत्यक्ष थांबलेल्या माणसाला त्या पात्रांची कोंडी जशी अंगावर आली असेल, तशी मला येणं शक्यच नव्हतं. मला नुसती माहिती मिळाली.

‘मादोका’चंही तेच. तिचा दहावा भाग लागला आणि 11 मार्च 2011 चा भूकंप आणि त्सुनामी आली. शेवटचे दोन भाग थांबले ते एप्रिलच्या उत्तरार्धात, एका रात्री पाठोपाठ लागले. ज्यांनी त्या सहा आठवड्यांत वाट बघितली त्यांची ‘मादोका’ आणि माझी ‘मादोका’ एक नाही.

म्हणून तू सगळं सोडून ‘मालिका संपली की एकदम बघेन’ असं ठरवू नकोस. चालू मालिका बघण्यात जे आहे ते इतर कशात नाही. फक्त 17 नकोत. मी हिशेब केला. 24 मिनिटांचे 17 भाग म्हणजे आठवड्याला 6 तास 48 मिनिटं. दीडपट वेगाने साडेचार तास. तुझे वाचतात सव्वादोन तास, आणि त्या सव्वादोन तासांसाठी उरलेले साडेचार कोरडे जातात. जपानमध्ये या काटकसरीला ‘ताइपा’ म्हणतात, वेळेचा मोबदला. 2022 साली सानसेइदो या कोशकारांनी वर्षाचा नवा शब्द म्हणून तो निवडला होता. शब्द नवा असेल, पण रोग तिथेही आहे आणि हिंजवडीच्या बसमध्येही.

चार मालिका घे. साध्या वेगाने आठवड्याला 96 मिनिटं. प्रत्येकीला तिचा वार दे.

या सीझनच्या कोणत्या, असं विचारलं नाहीस तरी सांगते, कारण मला सांगायचंय. गुरुवारी ‘डंजन मेशी’ बघ. रियोको कुई यांची मांगा (जपानी चित्रकथा), ट्रिगर स्टुडिओ, 4 जानेवारीला सुरू झाली, नेटफ्लिक्सवर दर आठवड्याला येते. लायोस नावाच्या तरुणाच्या धाकट्या बहिणीला ड्रॅगनने गिळलंय. तिने शेवटच्या क्षणी जादूने बाकीच्यांना बाहेर सोडलं, स्वतः राहिली. तिला परत आणायला निघालेल्यांकडे शिधा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून वाटेत भेटणारे राक्षसच शिजवून खातात. पहिल्याच भागात भल्यामोठ्या विंचवाची नांगी काढून, चालत्या अळंबीबरोबर त्याचा रस्सा होतो. हे इतक्या गांभीर्याने दाखवलंय की मला आईचं खेकडे साफ करणं आठवलं. सेन्शी नावाचा ड्वार्फ ज्या आस्थेने जेवण करतो आणि वाढतो, ते बघताना भूक लागते. आठ भाग झालेत, अजून ते ड्रॅगनपर्यंत पोचलेले नाहीत, आणि मला घाईही नाही. बहिणीसाठी निघालेल्या दादाची गोष्ट तुला आत्ता का सुचवते आहे, ते तुला कळलं असेल.

‘अपॉथेकरी डायरीज’ तुझ्या यादीत असेलच. पहिल्या भागात राजवाड्यातली तान्ही बाळं का दगावताहेत याचा छडा नायिका माओमाओ लावते: आयांच्या चेहऱ्याला लावायच्या शिसं असलेल्या पांढऱ्या पावडरीमुळे. ती मुलगी हुशार आहे म्हणून मला आवडते असं नाही. हुशारी दाखवली तर आपण अडचणीत येऊ हे कळत असूनही तिला गप्प बसवत नाही, म्हणून आवडते. निनावी चिठ्ठी लिहून ठेवते बिचारी.

‘अ साइन ऑफ अफेक्शन’ शनिवारी. नायिका युकीला ऐकू येत नाही. तिच्या हातांच्या खुणा आणि समोरच्याच्या ओठांच्या हालचाली या मालिकेने इतक्या जपून काढल्या आहेत की नजर हलवता येत नाही. ही मालिका पळवत बघून दाखव. नाही जमणार, हात वाचायचे राहून जातील. प्रेमकथा तशी साधीच आहे, नायक इत्सुओमी जरा जास्तच आत्मविश्वासाने वागतो असंही मला वाटतं, पण त्या हातांसाठी मी शनिवारची वाट बघते.

‘सोलो लेव्हलिंग’ सगळेच बघताहेत, त्यावर मी वेगळं काय सांगणार. मारामारी देखणी आहे, नायक जिनवू सोडून बाकीची माणसं अजून मला पुसटच वाटतात. परवाच्या शनिवारी नवा भाग न येता मागच्या सात भागांची उजळणी आली आणि बरेच जण चिडले. उजळणीचा भाग आला की मी चिडत नाही, मला काळजी वाटते. टीव्हीवरची वेळ ठरलेली असते, आठवडा कुणासाठी थांबत नाही, आणि चित्रं काढणारे हात मात्र थकतात. 2021 च्या ‘वंडर एग प्रायॉरिटी’चं उदाहरण आठव. पहिले भाग इतके सुंदर होते की जो तो वर्षातली सर्वोत्तम मालिका म्हणून मोकळा झाला. मग आठवा भाग उजळणीचा निघाला, बारा आठवड्यांत गोष्ट मावली नाही, शेवट जूनमध्ये वेगळा विशेष भाग म्हणून आला आणि अनेकांची निराशा झाली. ‘फ्रीरेन’बाबत तू घाईने नावं ठेवलीस, तिथे लोकांनी घाईने आरती ओवाळली.

याच सीझनच्या ‘ब्रेव्हर्न’चा तर पहिला भागच पाहणाऱ्याला चकवण्यासाठी रचलाय. वीस मिनिटं हवाईतला लष्करी सराव, करडे रंग, गंभीर चेहरे, आणि शेवटी आकाशातून जो रोबो उतरतो तो स्वतःचं नाव गर्जत येतो. तिथपर्यंत बघून उठलेल्या माणसाचं मत आणि शेवटच्या चार मिनिटांनंतरचं मत यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

‘मेटॅलिक रूज’ मी सोडली. जग सुरेख आहे, पण माणसांत जीव रमेना. सोडण्यात पाप नाही. सोडली असं सांग, कुठे सोडली तेही सांग.

यातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. लिहिणं बंद करू नकोस. सबटायटल इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि तू इचलकरंजीचा मुलगा मराठीत लिहितोस. तीस-चाळीस वाचक थोडे नाहीत. पण लिहिताना वर तारीख टाक आणि किती भाग बघितलेस ते टाक. ‘तीन भागांनंतर, 20 जानेवारी’, एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की हे वाटेतलं मत आहे. मग आधी जे दिसलं ते लिही, त्यानंतर जे वाटलं ते. दिसलेलं नीट लिहिलं असेल तर तुझ्याशी न पटणाऱ्यालाही त्यातून काही मिळतं. सीझन संपताना त्याच मालिकेवर दुसऱ्यांदा लिही, पहिलं न पुसता.

आणखी एक सवय लाव. शेवटची नामावली वाच. मालिकेचा दिग्दर्शक एक असला तरी प्रत्येक भागाचा स्टोरीबोर्ड (चित्रांतला आराखडा) आणि दिग्दर्शन बहुधा वेगवेगळ्या माणसांचं असतं. एखादा भाग अचानक वेगळा वाटला तर तो कुणी केला हे बघ. ‘फ्रीरेन’चे दिग्दर्शक केइइचिरो साइतो यांनी याआधी 2022 मध्ये ‘बोच्ची द रॉक’ केली होती, जी तू नक्की डोक्यावर घेतली असशील. एकच माणूस एकीकडे तेवढी धमाल करतो आणि दुसरीकडे एवढा गप्प बसतो, यावर एक परिच्छेद तुझ्याकडून वाचायला मला आवडेल.

‘फ्रीरेन’बद्दलचं जुनं मत मागे घेणारं काही लिहिणार असशील तर खरं तेवढंच लिही. दोन-तीन भाग, बस, दीडपट वेग, आणि ‘झोप येत नसेल त्यांनी’ हे लिहायला नको होतं. मालिका आता फार आवडली असं लिहू नकोस. आवडलेली नाही, हे तू मला कळवलं आहेस. खोटं कौतुक बहिणीला पहिल्या ओळीत कळेल आणि ती आणखी लांब जाईल.

तिच्याशी बोलायचं कसं? फोन कर. लांबलचक मेसेज नको, तो वाचून ‘ठीक आहे दादा’ एवढंच लिहिता येतं. सांग की ते वाक्य चुकीचं होतं, ते लागलं असणार, आणि मला ते उशिरा कळलं. मग तिला सर्वांत आवडलेला एक भाग विचार. एकच. तो भाग खोलीत बसून, हेडफोन लावून, साध्या वेगाने बघ. तिला का आवडला असेल याचा अंदाज बांध, पण तिला ऐकवू नकोस. तिलाच विचार.

माझा आवडता चौदावा. त्यात अंगठीचा प्रसंग आहे. हिमेल फ्रीरेनला दुकानातलं काहीही निवडायला सांगतो, ती सहज एक अंगठी उचलते. तिच्यावर कोरलेल्या फुलाचा अर्थ असतो चिरंतन प्रेम. हिमेलला तो माहीत असतो, तिला नसतो. तो गुडघा टेकून तिच्या बोटात ती घालतो. तिच्या दृष्टीने तो नेहमीसारखाच एक दिवस. किती दशकं उलटल्यावर त्या फुलाचा अर्थ तिच्या कानावर येतो. तू हा भाग त्या एका रात्रीत बघितलास, अठरातला चौदावा, पहाटेचे किती वाजले असतील कोण जाणे. तो एकदा नुसता बघ.

तिने लगेच मन मोकळं केलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. अकरावीतल्या मुलीने चार महिने एक गोष्ट एकटीने जपली आहे. तुझ्या एका फोनवर ती ती लगेच उघडी करणार नाही. तुझ्याकडे वेळ आहे. या आठवड्यात रोज एक-दोन असे 19 ते 24 हे सहा भाग बघ. शुक्रवारी 1 मार्चला पंचविसावा आहे, जपानमध्ये रात्री 11 ला लागतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि त्याच रात्री आपल्यालाही मिळतो. ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोलच्या वर्गणीचं बघ. ती कशावर बघते ते विचार आणि लागलं तर तिचेही पैसे भर. त्यानंतर 8, 15 आणि 22 मार्च, आणि मालिका संपली. चार शुक्रवार आहेत. तिने इचलकरंजीत आणि तू पुण्यात, एकाच वेळी लावा. भाग संपला की दहा मिनिटं फोनवर. त्या दहा मिनिटांतलं आधी ती बोलेल. तुझं मत लिहायचं ते शनिवारी.

वहीचं नाव काढू नकोस. ती स्वतःहून वाचून दाखवायला लागली आणि तू नेमका बसमध्ये असलास, तर पुढच्या थांब्यावर उतर आणि उभं राहून ऐक.

– तुझी ताई